पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द

नागपुरातल्या एका विद्यापीठात मी धोरण-समन्वयाचं काम पाहतो. हुद्द्याचं नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात कक्षात मी, एक प्रकल्प सहायक आणि टोनरची वाट पाहणारा एक प्रिंटर. कोणत्या संशोधनाचा सरकारी निर्णयाशी संबंध येतो ते हेरायचं, तो निर्णय नेमका कुणाच्या टेबलावर होतो ते शोधायचं आणि दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच काम. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत यासाठी पगारी माणसं असतात, कारण तिथल्या संशोधन-मूल्यमापनात ‘विद्यापीठाबाहेर काय फरक पडला’ या प्रश्नाला २०१४ साली २० टक्के आणि २०२१ साली २५ टक्के वजन होतं आणि त्यावर निधी ठरतो. आपल्याकडे तसं बंधन नाही. त्यामुळे विद्यापीठात माझ्याकडे लोक लग्नातल्या अशा पाहुण्यासारखं बघतात, जो मुलीकडचा की मुलाकडचा हे कुणालाच सांगता येत नाही.

अंगणवाड्यांच्या तापणाऱ्या छतांचं हे प्रकरण २०२३ ते २०२५ मधलं आहे. माणसं आणि कार्यालयं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. अभ्यासातले आकडेही मुद्दाम देत नाही. त्यांच्याबद्दल वाद कधी झालाच नाही.

पत्र्याखालची खोली

भूगोल विभागातल्या एका सहायक प्राध्यापक मॅडमनी दोन उन्हाळे नागपूरच्या आसपासच्या गावांतल्या अंगणवाड्यांमध्ये तापमान मोजलं. काही अंगणवाड्या स्लॅबच्या होत्या, काही पत्र्याच्या. काडेपेटीएवढं यंत्र, सुतळीने अँगलला टांगलेलं, दर काही मिनिटांनी तापमान नोंदवणारं. एका सेविकाताईंनी त्याच्याखाली खडूने मोठं चांदोबाचं तोंड काढून ठेवलं होतं, म्हणजे पोरं चांदोबाकडे बघतील आणि यंत्राला हात लावणार नाहीत. मॅडमच्या अहवालात हा उपाय नाही, पण दोन उन्हाळ्यांत त्या खोलीतलं यंत्र एकदाही पडलं नाही.

अंगणवाडीच का, तर तिला शाळेसारखी लांब सुटी नसते. पूरक आहार वर्षातले ३०० दिवस द्यायचा असतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. ही सवलत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तीही एक धोरण आहे हे लक्षात येत नाही. अंगणवाडीला मात्र वेळ सकाळची करून द्यायची, बाकी सगळं तेच. नवतपातसुद्धा, म्हणजे मे अखेरच्या त्या सर्वांत कडक नऊ दिवसांतही. सेविकाताईंचं म्हणणं एका वाक्यात होतं : “दहा वाजले का पंखा नुसती गरम हवा फेकून राहते, लेकरं मग बाहेर झाडाखालीच बसवतो.”

निष्कर्ष सोपे होते. पत्रा चटकन तापतो आणि खालच्या माणसाला भाजून काढतो. स्लॅब उशिरा तापतो, पण संध्याकाळनंतरही उष्णता सोडत राहतो. वरून ऊन परतवणारा पांढरा लेप दिला तर दोन्हीकडे फरक पडतो, पत्र्याखाली जास्त जाणवतो आणि खर्च नव्या बांधकामाच्या मानाने किरकोळ. यात अचाट काही नव्हतं. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं होतं, २०२८ पर्यंतचं. नागपूर शहराचा उष्णता कृती आराखडाही २०१६ पासून आहे. अहमदाबादने २०१३ साली जे सुरू केलं त्याच वाटेवरचा. पण अशा आराखड्यांचा भर इशारे, पाणपोया, रुग्णालयांची तयारी, दुपारी बागा उघड्या ठेवणं यांवर असतो. खेड्यातल्या अंगणवाडीचं छत त्याच्या कक्षेत येत नाही. ही साधी गोष्ट मला समजायला चार महिने लागले, आणि ते चार महिने मी शहरातल्या चुकीच्या जिन्यांवर चढ-उतार करण्यात घालवले.

अधिवेशनाचा मोह

नागपूरच्या माणसाला डिसेंबरमध्ये एक भूल पडते. १९५३ च्या नागपूर कराराने हिवाळी अधिवेशन इथे येतं आणि दोन आठवडे सगळं सरकार आपल्या दारात आहे असं वाटतं. मुंबईत ज्या सचिवाची वेळ मिळवायला महिना जातो तो इथे रविभवनाच्या आवारात चहा पिताना दिसतो. आमदार निवासाच्या कॉरिडॉरमध्ये निवेदनांची थप्पी घेतलेले लोक, यशवंत स्टेडियमला धरणं, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवलेले मोर्चे. आपणही यात असावं असं वाटणं स्वाभाविक आहे.

२०२३ चं अधिवेशन ७ ते २० डिसेंबरला होतं. आम्ही मॅडमचा अहवाल स्पायरल बाइंडिंग करून घेतला, वर कुलगुरूंच्या सहीचं पत्र लावलं आणि वाटत सुटलो. एका आमदारांच्या स्वीय सहायकाने तो हातात घेऊन वजन केल्यासारखा खालीवर हलवला आणि म्हणाला, “सर, एक पान द्या. मागणी काय, खातं कोणतं, पैसे कोणत्या लेखाशीर्षातून. बाकी आम्ही बघतो.” मला तो उद्धट वाटला. दोन वर्षांत मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला तोच होता, हे तेव्हा कळण्याची माझी पात्रता नव्हती.

तारांकित प्रश्न विचारायला उशीर झाला होता, त्याची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते. शेवटी एका सदस्यांनी भाषणाच्या ओघात विषय काढला. मंत्र्यांकडून ‘तपासून घेऊ’ आलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा होता : ‘अंगणवाड्या की भट्ट्या?’ विद्यापीठात आम्ही तो कापून फलकावर लावला. कुलसचिवांनी फोन करून अभिनंदन केलं.

आठ दिवसांनी त्या चांदोबावाल्या ताईंचा मॅडमना फोन आला. त्यांना वरून लेखी विचारणा झाली होती : अंगणवाडीत यंत्र बसवण्यास परवानगी कोणी दिली? परवानगी रीतसर होती, पण ज्यांच्या सहीची होती ते अधिकारी बदलून गेले होते आणि पत्राची प्रत ताईंकडे नव्हती. आमच्याकडे होती. आम्हाला कधी सुचलंच नाही की तिची गरज आम्हाला नाही, त्यांना पडेल. मानधनावर काम करणारी बाई, तिच्या नावावर नस्ती उघडली गेली ती आमच्या मथळ्यामुळे. मॅडम प्रत घेऊन स्वतः गेल्या, प्रकरण मिटलं. फलकावरचं कात्रण त्यांनीच काढून टाकलं, मला न विचारता.

तेव्हापासून कक्षात एक नियम आहे. क्षेत्रकार्याला जिथे जिथे दार उघडलं जातं तिथल्या प्रत्येक माणसाच्या हातात परवानगीची सही-शिक्क्याची प्रत पहिल्याच दिवशी द्यायची. आणि माहिती छापून येण्याआधी संबंधित खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याला फोन करायचा. संमती मागायची नाही, फक्त ‘परवा हे येतंय’ एवढं सांगायचं. साहेबाला सकाळी पेपरातून कळलं की तो दिवसभर बचावाच्या तयारीत असतो, मग तुमचं म्हणणं कितीही बरोबर असो.

‘तुमच्या विद्यापीठाचं मत काय?’

जानेवारी २०२४. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचे आराखडे ठरण्याचे दिवस. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं आणि टेबलावर तीन कागद मांडले. तिन्ही आमच्याच विद्यापीठाचे, एकाच आठवड्यातले. भूगोलाच्या मॅडम म्हणत होत्या, छताला पांढरा लेप द्या. आहारशास्त्राचे एक सर म्हणत होते, मे महिन्यात गरम शिजवलेला आहार थांबवून घरपोच शिधा द्या, म्हणजे मुलांना खोलीत बसवण्याचा प्रश्नच मिटतो. पदार्थविज्ञानातल्या एका सरांचा प्रस्ताव छताखाली उष्णतारोधक आवरण लावण्याचा होता आणि त्यात एका विशिष्ट साहित्याची शिफारस होती.

“सर, तुमच्या विद्यापीठाचं मत नेमकं काय आहे?” त्यांनी शांतपणे विचारलं.

विद्यापीठाला मत नसतं, प्राध्यापकांना असतं, हे खरं उत्तर होतं आणि त्या खोलीत ते निरुपयोगी होतं. नीरी ही पर्यावरण-संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून या शहरात आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकीचं राष्ट्रीय महाविद्यालय आहे, एम्स आहे. इथल्या अधिकाऱ्याकडे तज्ज्ञांचे कागद कमी नसतात. तीन उलटसुलट कागद आले की तो तिन्ही एका फोल्डरमध्ये घालतो आणि फोल्डर कपाटात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मी परत येऊन एक नोंदवही सुरू केली : कोण, कुणाला, कोणत्या विषयावर भेटायला जाणार आहे. ठरावीक ठिकाणी भडका उडाला. “आता साहेबांना भेटायला तुमची परवानगी लागणार का?” एका ज्येष्ठ सरांनी विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं. त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता, समन्वयाच्या नावाखाली तोंड बंद केल्याची उदाहरणं त्यांनी पाहिली होती. मी वही त्यांच्याच विभागाच्या कार्यालयात ठेवली, माझ्याकडे नाही. सही माझी लागत नाही, फक्त आपलं नाव लिहिण्याआधी वरची नावं वाचायची. आजही निम्मे लोक लिहीत नाहीत. उरलेले निम्मे एकमेकांना फोन करतात, आणि मला तेवढंच हवं होतं.

तिघांना एकत्र बसवल्यावर वेगळीच गोष्ट निघाली : तिघांमध्ये मतभेद फारसे नव्हतेच. आहाराचा बदल हा राज्याच्या आणि केंद्राच्या पातळीवरचा विषय, जिल्ह्यात कुणाच्या हातात नाही. आवरणाचा प्रस्ताव नव्या इमारतींसाठी ठीक. जुन्या छतांना लेप. एकाच पानावर, तिघांच्या सह्यांनी, कोणी काय करायचं ते आलं. साहित्याच्या ब्रँडचं नाव काढायला पदार्थविज्ञानाच्या सरांनी दोन दिवस घेतले. त्यांचा त्यात स्वार्थ नव्हता, त्यांच्या प्रयोगशाळेत तेच वापरलं होतं इतकंच. पण सरकारी टेबलावर ब्रँडचं नाव असलेला कागद म्हणजे विक्रेत्याचा कागद.

ते पान पोचेपर्यंत १६ मार्च उजाडला आणि लोकसभेची आचारसंहिता लागली. आपल्याकडे मतदान पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला झालं, पण संहिता जूनपर्यंत. उन्हाळा गेला.

मधल्या काळात एका हितचिंतकाने आपत्ती निधीची वाट सुचवली. त्यातही दोन महिने गेले. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत तेव्हा थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. राज्याला आपल्या स्थानिक आपत्तींसाठी निधीच्या १० टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो, पण त्यातून होणारी मदत तातडीची, छत रंगवणं त्यात बसवणं अवघड. मे महिन्यात कूलरसमोर बसून त्या यादीत ‘थंडीची लाट’ वाचायची मजा फक्त नागपूरकरालाच कळेल.

‘आयटम?’

जुलैमध्ये तिघांच्या सहीचं पान परत आलं. फिरत फिरत ते बांधकामाच्या एका उपअभियंत्यांकडे गेलं होतं. वर चार आवक शिक्के, दोन ठिकाणी ‘उचित कार्यवाहीसाठी’, आणि जिथे आम्ही ‘छतास परावर्तक पांढरा लेप देण्यात यावा’ लिहिलं होतं त्याच्या समासात पेन्सिलीने एकच शब्द : ‘आयटम?’

मॅडमना वाटलं, हा शेरा टवाळीचा आहे. मलाही. आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. साहेब पन्नाशीचे, टेबलावर दरसूचीचं, म्हणजे सरकारी बांधकामांच्या ठरलेल्या दरांचं, जाडजूड पुस्तक, पानांना घामाचे डाग.

“मॅडम, काम चांगलं आहे. माझी पोरगी पण अशाच अंगणवाडीत गेली,” ते म्हणाले. “पण मी एस्टिमेट कशाचं करू? या पुस्तकात चुना आहे, डिस्टेंपर आहे, वॉटरप्रूफिंग आहे. तुमचा हा लेप कुठे आहे? आयटम नाही तर दर नाही, दर नाही तर एस्टिमेट नाही, आणि एस्टिमेट नाही तर मंत्र्यांनी सांगितलं तरी पैसा निघत नाही.”

अधिवेशन, मथळा, कुलगुरूंचं पत्र, जिल्ह्याचा आराखडा. सात महिने आम्ही ज्याच्याभोवती फिरत होतो ती गाठ इथे होती, दुसऱ्या मजल्यावर. आणि ती सोडवायची रीत साहेबांना तोंडपाठ होती. दरसूचीत नसलेल्या कामासाठी दर-विश्लेषण करायचं : साहित्य किती, मजुरी किती, थर किती, पृष्ठभाग कसा तयार करायचा, सोबत तीन कोटेशनं, मग वरिष्ठांची मान्यता. “हे लिहून द्यायला आम्हाला माणूस नाही. तुम्ही तर दोन वर्षं हेच केलं ना?”

मॅडमनी तिथेच वहीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडल्या. त्यांच्या शोधनिबंधात परावर्तनांक, म्हणजे लेप किती ऊन परतवतो त्याचा आकडा, होता, पण लेप एका चौरस मीटरला किती लागतो, ब्रशने की रोलरने, पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो का, गंजलेल्या पत्र्यावर आधी काय करायचं, यांपैकी काहीच नव्हतं. ते त्यांच्यासाठी काम करणाऱ्या पेंटरला माहीत होतं. पुढचा आठवडा त्या पेंटरला शोधण्यात गेला. तो हिंगण्याकडे एका साइटवर सापडला आणि त्याने दहा मिनिटांत सगळं सांगितलं, एका अटीवर की राहिलेलं बिल विद्यापीठ एकदाचं देईल. ते बिल आमच्याच लेखा विभागात अडकलं होतं.

दर-विश्लेषण सप्टेंबरमध्ये सादर झालं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. डिसेंबरचं अधिवेशन १६ ते २१ असं सहाच दिवसांचं झालं आणि त्या आठवड्यात आम्ही रविभवनाच्या बाजूला फिरकलोही नाही. कुलसचिवांनी विचारलं, यंदा काही कार्यक्रम नाही का? मी म्हटलं, कोटेशनं गोळा करतोय. त्यांना ते उत्तर फारसं आवडलं नसावं.

मार्च एंड

फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी उपअभियंत्यांचा फोन. दुरुस्तीच्या कामांत थोडा निधी शिल्लक होता, मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत जाणार होता. नव्या आयटमची मान्यता अजून आलेली नव्हती. “पण स्लॅबच्या छतांना वॉटरप्रूफिंग घेता येते. आयटम आहे. त्याचा वरचा थर पांढरा घ्यायचा असं मी टाकतो. तुमचं काम होऊन जाईल.”

या प्रकरणातला खरा निर्णय हा होता आणि तो ठरवायला आमच्याकडे दोन दिवस होते. मॅडमचा विरोध होता, आणि कारणं पक्की होती. वॉटरप्रूफिंग फक्त स्लॅबला होतं. अभ्यासातल्या सर्वांत वाईट खोल्या पत्र्याच्या होत्या आणि त्या सुटणार होत्या. शिवाय एकदा ‘अंगणवाड्यांचं काम झालं’ अशी नोंद पडली की पत्र्यांसाठी पुन्हा पैसे मागताना तीच नोंद आडवी येईल. माझं म्हणणं होतं, हातात आलेली छतं सोडू नयेत. काम झालेलं दिसलं की पुढच्या आयटमला मान्यता देणाऱ्याला धीर येतो. माझ्या म्हणण्यात थोडा स्वार्थही होता, तो लपवत नाही. कक्षाला दोन वर्षं होत आली होती आणि दाखवायला एक काढून टाकलेलं कात्रण सोडून काही नव्हतं.

मॅडम शेवटी हो म्हणाल्या, एक अट घालून. स्लॅबच्या कामाच्या टिपणीतच एक वाक्य यावं : ‘पत्र्याच्या छतांसाठी स्वतंत्र दर-विश्लेषण सादर केले असून ते विचाराधीन आहे.’ उपअभियंत्यांनी ते वाक्य कोणतीही खळखळ न करता टाकलं. मला ती अट तेव्हा हट्टाची वाटली होती. आता वाटतं, सगळ्या व्यवहारात धोरण म्हणण्यासारखं तेवढं एकच वाक्य होतं.

एप्रिलमध्ये काही अंगणवाड्यांची स्लॅबची छतं पांढरी झाली. कामाच्या कागदावर लिहिलं होतं ‘अंगणवाडी इमारत छत दुरुस्ती करणे’. त्यात उष्णता हा शब्द नाही, संशोधन नाही, विद्यापीठ नाही.

गुणांचा हिशेब

त्याच वर्षी मॅडमनी पदोन्नतीसाठी कागद जमवायला घेतले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन-गुणांच्या कोष्टकात धोरण-दस्तऐवजाला जागा आहे : आंतरराष्ट्रीय संस्थेला सादर केला तर १० गुण, राष्ट्रीय पातळीवर ७, राज्य सरकारला ४. स्थानिक स्वराज्य संस्थेचा रकानाच नाही. एका शोधनिबंधाला विज्ञान शाखांत ८ आणि मानव्यशाखांत १० गुण मिळतात. म्हणजे मॅडमनी तीन वर्षं गावोगाव फिरून, पेंटर शोधून, दर-विश्लेषण लिहून जे केलं त्याचे गुण शून्य. अधिवेशनात वाटलेला तो जाडजूड अहवाल राज्य सरकारला सादर झाल्याची पोच मात्र होती. ज्या कागदाने काहीच घडलं नाही त्याला ४ गुण मिळू शकत होते. मॅडमनी तो लावला. मी असतो तर मीही लावला असता.

मी उपअभियंत्यांना प्रमाणपत्र मागितलं. त्यांनी दिलं, आठवड्याच्या आत, जावक क्रमांकासह. पत्र कुलसचिवांच्या नावे होतं : ‘आपल्या संस्थेने केलेल्या तांत्रिक सहकार्याबद्दल हे कार्यालय आभारी आहे.’ मॅडमचं नाव नव्हतं. पुन्हा विनंती केली तर म्हणाले, “व्यक्तीच्या नावाने पत्र द्यायचं म्हणजे पुन्हा वर जावं लागते.” स्थानिक संस्थांबरोबरच्या कामाला विद्यापीठाने आपल्या पातळीवर तरी श्रेय द्यावं, असा प्रस्ताव मी टाकला आहे. त्यावरही कुणीतरी पेन्सिलीने काहीतरी लिहील अशी आशा आहे.

पत्र्याच्या दर-विश्लेषणाला एक त्रुटी निघून ते परत आलं होतं : गंज काढण्याच्या मजुरीचा आधार दिलेला नाही. मॅडम आणि तो पेंटर, दोघांनी बसून ते पुन्हा लिहिलं. कोटेशनं जुनी झाल्यामुळे तीही नव्याने मागवावी लागली. चांदोबावाल्या ताईंची अंगणवाडी पत्र्याचीच आहे, त्यांनी फोनवर विचारलं, “आमचा नंबर कधी लागते मॅडम?” दोन कोटेशनं आली आहेत. तिसरं आलं की फाइल जाईल.